दोन्ही पाती ३६ ग्रॅमची, मग हेलिकॉप्टर थरथरतं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. रिमोटवर उडणारं ४५० साइजचं फ्लायबारलेस (हेडवर तोलाची जादा दांडी नसलेलं) मॉडेल हेलिकॉप्टर सेकंडहँड घेतलं. एकदा आडवं पडलं. मग ३२५ मिलिमीटरची नवी कार्बन पाती आणली, काट्यावर ठेवून बघितली, दोन्ही ३६ ग्रॅम भरली. तरी वर उचललं की सगळं अंग थरथरतं, शेपटी सारखी डावी-उजवी होते आणि बाजूनं बघितलं तर फिरत्या पात्यांची एका चकतीऐवजी दोन चकत्या दिसतात. ‘काका, कोणत्या पात्याला किती टेप लावू?’

कुठल्याच नको. इतक्यात तरी नको.

मी सातपूरला टूलरूममध्ये काम करतो आणि या हेलिकॉप्टरच्या नादाला लागून वीसएक वर्षं झाली. ‘जरा पाती बॅलन्स करून द्या’ म्हणून लोक मशीन घेऊन येतात, त्यातल्या बऱ्याच जणांची पाती ठीकच असतात. वाकलेलं असतं दुसरंच काहीतरी, आणि ते लपवायला पात्यांवर टेपांचे थर चढलेले असतात. तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू जाता जाता टाकलंस: ‘एकदा आडवं पडलं.’ फिरतं पातं जमिनीला लागलं की ते तुटतं, हे सगळ्यांना दिसतं. पण तो हिसका पात्याच्या मुळातून ते पकडणाऱ्या ग्रिपमध्ये, ग्रिपमधून आतल्या आडव्या दांड्यात, म्हणजे फेदरिंग शाफ्टमध्ये, आणि तिथून उभ्या मेन शाफ्टमध्ये उतरलेला असतो. तू तुटलेलं तेवढं बदललंस. वाकलेलं अजून आतच आहे, असा मला दाट संशय आहे. भोवऱ्याची आर वाकडी असेल तर वरचं लाकूड कितीही घासून गुळगुळीत कर, भोवरा नाचणारच.

म्हणून सुरुवात पाती काढून. मुख्य दोन्ही काढ, शेपटीचीही काढ. मोटर थोडी मागे सरकवून पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक, मेन गिअरपासून सोडव आणि नुसती मोटर फिरवून बघ. मग पिनियन परत लाव आणि बिनपात्याचं हेड, म्हणजे पाती जिथे बसतात तो वरचा भाग, फिरव. भार नसल्यानं मोटर सुसाट पळते, म्हणून थ्रॉटल अर्ध्याच्या बराच खाली ठेव. या वेळी हेडकडे बघत बसू नकोस, शेपटीच्या उभ्या फिनची कड बघ. कड रेघेसारखी स्वच्छ दिसली तर ठीक. ती जाड किंवा दुहेरी दिसायला लागली, तर पात्यांचा त्यात काही हात नाही, कारण पाती टेबलावर पडलेली आहेत. नंतर फक्त शेपटीची पाती लावून तेच कर. मुख्य पाती सगळ्यात शेवटी. कुठल्या पायरीला थरथर आली त्यावरून गुन्हेगार कळतो. यात अर्धा तास जातो, पण न कळता टेप चिकटवण्यात जाणाऱ्या चार संध्याकाळी वाचतात.

माझा पैसा फेदरिंग शाफ्टवर. दोन्ही ग्रिपना आरपार धरणारा तो बारीक दांडा. तो काढ आणि काचेवर लोळव. कपाटाचा आरसा असेल तर उत्तम, कारण आरशात दांडा आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यातली फट दिसते. लोळवताना ती फट उघडझाप करायला लागली की दांडा वाकला. मेन शाफ्टही तसाच तपास. वाकलेला फेदरिंग शाफ्ट ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नकोस. माझ्या हाताशी दांडा ठेवायला व्ही-ब्लॉक आहे, वाक मोजायला डायल आहे, आणि एकदा मी हा शहाणपणा केलेला आहे. डायलवर दांडा सरळ दिसत होता. दुसऱ्याच उड्डाणात परत वाकला, कारण एकदा मोडून सरळ केलेला धातू त्या जागी पुन्हा तितकाच ताठ राहत नाही. नवीन दांडा पात्यांच्या जोडीपेक्षा कितीतरी स्वस्त येतो.

तो काढलाच आहेस तर थ्रस्ट बेअरिंग कशी बसवली आहेत तेही बघ. सेकंडहँड मशीनमध्ये ती उलटी बसवलेली मी अनेकदा पाहिली आहेत. बेअरिंगच्या दोन चकत्यांची भोकं सारखी नसतात, एकीचं किंचित मोठं असतं. मोठ्या भोकाची आत, म्हणजे हेडच्या बाजूला. लहान भोकाची बाहेर, बोल्टच्या बाजूला. पाठ करायची गरज नाही. फिरताना ग्रिप बाहेर ओढली जाते, तेव्हा आतली चकती ग्रिपबरोबर दाबली जाते, आणि तिनं दांड्याला शिवता कामा नये. बाहेरची चकती दांड्याच्या बोल्टवर टेकते, म्हणून ती दांड्यावर घट्ट बसणारी हवी. उलटी बसली तर जोर आला की ग्रिप जड फिरते, ती हलवणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटरींवर ताण येतो आणि दोन्ही पात्यांचा पिच, म्हणजे तिरकेपणा, एकसारखा बदलत नाही.

शिवाय हेडच्या आत दांड्याला दोन्हीकडून धरणाऱ्या रबरी रिंगा, म्हणजे डॅम्पर. एक ग्रिप खाली दाब, सोड. ती लगेच जागेवर आली पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना दाब सारखाच लागला पाहिजे. एक रिंग चिरलेली आणि एक नवी, अशी जोडी कधीच नको.

हे सगळं सरळ असूनही थरथर उरली, तरच पाती हातात घे.

आता तुझे ते ३६ ग्रॅम. वजन केलंस हे चांगलंच केलंस, पण तो अर्धाच हिशेब झाला. ते ३६ ग्रॅम पात्यात बसलेत कुठे? एका पात्याचं वजन मुळाकडे झुकलेलं असू शकतं, दुसऱ्याचं टोकाकडे. काट्यावर दोन्ही ३६ भरतील, आणि फिरायला लागली की एक जास्त ओढेल, एक कमी.

किती ओढेल, ते आकड्यात बघ. मिनिटाला २६०० फेरे धर, म्हणजे सेकंदाला ४३. ३६ ग्रॅमच्या पात्याचा गुरुत्वमध्य मेन शाफ्टपासून साधारण १९ सेंटिमीटरवर धरला, तर ते पातं ग्रिपला जवळजवळ ५० किलोच्या जोरानं बाहेर ओढतं. लासलगावच्या मार्केटला जाणारी कांद्याची भरलेली गोणी डोळ्यांसमोर आण, तशी एक गोणी प्रत्येक ग्रिपला, तीन मिलिमीटरच्या एका बोल्टवर लटकलेली. दोन्ही गोण्या सारख्या असतील तर शाफ्टला त्यांचा पत्ताही लागत नाही. गुरुत्वमध्यात एक मिलिमीटरचा फरक पडला की २७० ग्रॅमचा ओढा शिल्लक राहतो, दोन मिलिमीटरचा पडला की अर्ध्या किलोच्या वर. आणि हा ओढा एका जागी उभा राहत नाही. सेकंदाला ४३ वेळा तुझ्या मशीनभोवती चकरा मारतो. तीच तुझी थरथर.

माझ्याकडे एकदा नव्याकोऱ्या पाकिटातली अशीच जोडी आली होती. वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत जुळत होतं आणि गुरुत्वमध्यात दोन मिलिमीटरचा फरक. वरून बघून देवालाही कळलं नसतं.

तपासायची पद्धत साधी आहे. स्टीलची फूटपट्टी शिकंज्यात कडेवर उभी पकड. पातं तिच्यावर आडवं ठेवून पुढे-मागे सरकव, जिथे तोलून राहील तिथे आधी चिकटवलेल्या कागदी टेपवर बारीक रेघ मार. पातं उलटं करून पुन्हा तेच, आणि दोन्ही रेघांच्या मधलं ठिकाण खरं मान. दोन्ही पात्यांवर कागदी टेपचे तुकडे सारख्याच मापाचे, आणि खूण झाली की काढून टाकायचे. बोल्टच्या भोकाच्या केंद्रापासून रेघेपर्यंतचं अंतर दोन्ही पात्यांचं मोज. अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळलं तर मी पुढे जातो. तीन मिलिमीटरच्या वर फरक असेल तर जोडी दुकानदाराला परत. टेपनं काहीही जुळवता येतं, पण तीन मिलिमीटर चुकलेली जोडी एका साच्यातून, एका दिवशी निघालेली नसावी.

ज्याची रेघ मुळाकडे आहे, त्या पात्याच्या टोकाला टेप लावायची आणि रेघ बाहेर आणायची. एक मिलिमीटर सरकवायला तुझ्या पात्याला टोकाशी साधारण पाव ग्रॅम लागेल. १८ मिलिमीटर रुंदीची साधी इलेक्ट्रिकची टेप दहा सेंटिमीटरला ०.३ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे आठेक सेंटिमीटर, तुझ्या पात्याभोवती एक वेढा आणि थोडी वर. ‘अंदाजे लावली’ आणि ‘मोजून लावली’ यात फरक पडतो तो इथेच.

अंतर जुळल्यावर मग वजन. आता टेप लावलेलं पातं किंचित जड झालेलं असेल. हलक्या पात्याला उरलेलं वजन द्यायचं, पण टोकाला नाही, बरोबर त्याच्या गुरुत्वमध्यावर. तिथे टाकलेलं वजन रेघ हलवत नाही. हा क्रम उलटा केलास, म्हणजे आधी वजन आणि मग अंतर, तर टोकाची टेप वजन पुन्हा बिघडवते आणि तू रात्रभर गोल गोल फिरत राहतोस. मी फिरलेलो आहे.

काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. पूर्वी मी पाती घेऊन सराफ बाजारात ओळखीच्या पेढीवर जायचो. काट्यावर पातं ठेवलं की गिऱ्हाइकं वळून बघायची. आता असले छोटे काटे काहीशे रुपयांत मिळतात. पातं लांब आणि काट्याचं ताट चिमुकलं, म्हणून मध्ये एक वाटी पालथी घाल आणि तिच्यावर पातं ठेव. टोक टेबलाला टेकलं की आकडा खोटा.

शेवटची तपासणी तराजूची. तीन मिलिमीटरच्या लांब बोल्टवर दोन्ही पाती मुळाशी जोड, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोरा ताणून एका रेषेत आण. बोल्टची दोन टोकं सारख्या उंचीच्या दोन पेल्यांच्या कडेवर टेकव. आडवं राहिलं पाहिजे. एक बाजू खाली गेली तर लगेच पात्याला दोष देऊ नकोस. जुन्या वाण्यांच्या तराजूला पासंग असायचा, तसा तुझ्या टेबलालाही असतो. सगळं उचलून अदलाबदल कर, डावं उजवीकडे. परत तीच बाजू खाली गेली तर पासंग टेबलाचा. तेच पातं खाली गेलं तर पात्याचा.

आणखी एक तपासणी बहुतेक लोक करतच नाहीत. पात्याला बोल्टच्या भोकातून खिळ्यावर लोंबकळू दे आणि त्याच खिळ्याला ओळंबा लाव. दोऱ्याची रेघ पात्याच्या रुंदीत कुठून जाते ते दोन्ही पात्यांत सारखं आहे का बघ. ती पुढच्या, जाड कडेच्या बाजूला असायला हवी. वजन मागच्या पातळ कडेकडे गेलं की वेगात पातं फडफडायला लागतं, आणि ती फडफड कुठल्याच बॅलन्सनं जात नाही. म्हणून टेपही नीट गुंडाळावी लागते: जास्तीचा थर पुढच्या कडेवर, आणि मोकळं टोक खालच्या बाजूला, मागच्या कडेकडे तोंड करून. या पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पळतं. टेपचं तोंड वाऱ्याच्या समोर राहिलं तर पहिल्याच उड्डाणात ती सोलून निघेल आणि तुझा पाव ग्रॅम कुणाच्या तरी बांधावर जाऊन पडेल.

ट्रॅकिंगसाठी, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का ते बघण्यासाठी, एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला पिवळी टेप लागेल. ती या सगळ्याच्या आधी लावून घे. बॅलन्स झाल्यावर रंगीत टेप चिकटवणारे मी पाहिले आहेत, मीही त्यातलाच होतो.

शेपटीची पाती लहान म्हणून सोडू नकोस. तुझ्या शेपटीचा रोटर मुख्य रोटरच्या चौपटीहून जास्त पळतो, मिनिटाला ११,००० च्या आसपास. तिथे टोकाला एक दशांश ग्रॅमचा फरक म्हणजे किलोभराचा ओढा. तीही बोल्टवर जोडून तोलून घे. त्यांची थरथर बारीक, गुणगुणणारी असते. मुख्य पात्यांची जाड, गदागदा हलवणारी.

पाती बसवताना बोल्ट किती आवळायचा हे कुणी सांगत नाही आणि सगळे चुकतात. बसवून झाल्यावर हेलिकॉप्टर कुशीवर धर, पाती जमिनीला समांतर. पाती स्वतःहून खाली पडता कामा नयेत, पण हलका झटका दिला की पडली पाहिजेत. फार आवळली तर फिरताना पातं आपली सरळ रेषा शोधू शकत नाही, आणि एवढी मेहनत घेऊन केलेला तोल एका पान्यानं घालवलास. फार सैल ठेवली तर सुरू होतानाच गदागदा हलतं. दोन्ही बोल्टना सारखाच कस हवा.

आता त्या दोन चकत्या. हा प्रश्न वजनाचा नाहीच. तोल साधला तरी दोन चकत्या दिसतील, कारण एक पातं दुसऱ्यापेक्षा जास्त पिचवर आहे, म्हणून वरून चालतं. ढोबळमानानं आडवी थरथर तोलाची आणि उभी थरथर ट्रॅकची. नेहमीच नाही, पण सुरुवात करायला पुरतं.

आपल्या नाशिकरोडला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आहे, चेतक आणि चीता हेलिकॉप्टरं रोज डोक्यावरून जातात. तिथल्या नव्हे, पण त्याच क्षेत्रातून निवृत्त झालेल्या एका तंत्रज्ञांशी माझी ओळख आहे. त्यांच्याकडून मी जुनी पद्धत ऐकली. प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू फासायचा, रोटर फिरवायचा आणि लांब काठीवर ताणलेलं कापडी निशाण हळूच चकतीच्या कडेशी न्यायचं. टोकं कापडाला चाटून जातात आणि आपापल्या रंगाची खूण सोडतात. सगळे रंग एका ओळीत आले तर ट्रॅक बरोबर. एक रंग वर गेला तर ते पातं वर. काठी धरणाऱ्याची छाती काय असेल! त्यांचं म्हणणं असं की खूण वर आली म्हणून लगेच पात्याला हात लावायचा नाही, आधी सांधे हलवून बघायचे. छोट्या मशीनलाही तेच लागू.

तू काठी घेऊन जाऊ नकोस. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, उडवण्यात चांगला मुरलेल्या एका पायलटचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरच्या पात्यानं जीव गेला. तुझं मशीन त्या मानानं लहान आहे, पण ती गोणी विसरू नकोस. आणि एक लक्षात घे: ट्रॅक बघायला आपण डोळे चकतीच्या पातळीत आणतो, आणि पातं सुटलं तर ते नेमकं त्याच पातळीत उडतं. म्हणून डोळ्यांऐवजी फोन ठेव. छोट्या ट्रायपॉडवर, चकतीच्या उंचीला, आणि फोनच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. तू आठ-दहा मीटरवरून कंबरेच्या खालच्या उंचीवर होव्हर कर, म्हणजे एका जागी तरंगत ठेव. स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर लावलंस तर तुझ्या २६०० फेऱ्यांना एका फेरीत पाच-साडेपाच चित्रं येतात. पाती वाकडी, केळ्यासारखी दिसतील, ती कॅमेऱ्याची करामत. लाल वर आहे की पिवळं, एवढंच बघ.

समज, लाल वर दिसलं. मग लाल खाली आणायचं की पिवळं वर न्यायचं? उत्तर फोनमध्ये नाही, पिच गेजमध्ये आहे. मोटरच्या तारा काढून स्टिक मध्यावर ठेव, स्वॉशप्लेट (मेन शाफ्टवरची, पात्यांचा पिच बदलणारी तबकडी) समपातळीत आण आणि दोन्ही पात्यांना टोकापासून सारख्याच अंतरावर गेज लाव. दोघांनाही शून्य यायला हवं. ज्याचं शून्य येत नाही, त्याच्या लिंकची, म्हणजे ग्रिपचा हात स्वॉशप्लेटला जोडणाऱ्या काडीची, लांबी बदल. ग्रिपचा हात पात्याच्या पुढच्या कडेच्या बाजूला असेल तर लिंक लांब केली की पिच वाढतो, मागच्या बाजूला असेल तर उलट. तुझं हेड कुठल्या जातीचं आहे ते आधी बघून घे. दोन मिलिमीटरच्या धाग्याची पेर ०.४ मिलिमीटर, ग्रिपचा हात १३ मिलिमीटरचा धरला तर एका पूर्ण आट्याला पावणेदोन अंश पिच बदलतो. हे फार झालं, म्हणून अर्ध्या आट्यानं चाल. काही बॉल लिंकना सुलटी-उलटी बाजू असते, अक्षरं बाहेर ठेवायची असतात. तिथे अर्धा आटा दिला की लिंक उलटी होते आणि बॉलवर घट्ट बसते. अशा वेळी दोन्हीकडे उलटसुलट धागे असलेला टर्नबकल लावलेला बरा.

खरी गंमत पुढे आहे. शून्यावर दोन्ही जुळतात आणि होव्हरला चकत्या फाटतात, असं झालं तर लिंकला हात लावू नकोस. याचा अर्थ जोर आल्यावर काहीतरी हलतंय किंवा वाकतंय: ढिला बॉल, खराब बेअरिंग, वाकलेला दांडा, नाहीतर एक पातं दुसऱ्यापेक्षा मऊ. लिंकनं होव्हर जुळवशील, पण पिच बदलला की चकत्या परत फाटतील. लोक इथेच महिनाभर अडकतात.

आपल्या हवेचाही यात भाग आहे. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर. डिसेंबरच्या सकाळी १० अंशांना जी हवा असते, तिच्या मानानं मेच्या दुपारी ४० अंशांना ती दहा टक्क्यांनी विरळ होते. त्याच फेऱ्यांवर तेच वजन उचलायला पिच जास्त लागतो, आणि हिवाळ्यात कशीबशी जुळलेली जोडी उन्हाळ्यात उघडी पडते. लाकडी पात्यांच्या काळी याउलट पावसाळा वैरी होता. मी सुरुवात लाकडी पात्यांवर केली. जुलैत एक पातं दमट भिंतीकडे आणि एक कपाटात राहिलं तरी आठवड्यानं काट्यावर फरक दिसायचा. कार्बनला तो त्रास नाही.

संक्रांत मात्र कार्बनलाही सोडत नाही. एका जानेवारीत माझं मशीन अचानक थरथरायला लागलं. दोन संध्याकाळी मी पाती तोलत बसलो, टेप काढली, लावली, परत काढली. तिसऱ्या दिवशी शेपटीचं हब उघडलं तर आत शाफ्टभोवती हातभर नायलॉनचा मांजा, घट्ट वेटोळं, वितळून बेअरिंगला चिकटलेला. आदल्या रविवारी वावरात पडलेला उचलला गेला असणार. वर मी लिहिलेला तो क्रम, पाती काढून सुरुवात करायची, मी त्याच दिवसापासून पाळतो.

शेपटीच्या डाव्या-उजव्या डुलण्याबद्दल मुद्दाम काही लिहिलं नाही. शेपटी स्थिर धरणाऱ्या गायरोला थरथर म्हणजे खोटी बातमी. ती ऐकून तो शेपटी उगाच फिरवतो. थरथर गेल्यावर बहुतेक डुलणंही जाईल. नाही गेलं तर बेल्टचा ताण बघ आणि गायरोचा गेन, म्हणजे त्याची संवेदनशीलता, थोडा थोडा उतरव. आधी गेन उतरवलास तर रोग दबेल आणि तू बरा झाला म्हणशील.

उडवायची जागा: आपल्याकडे ओझर, गांधीनगरचं लष्करी विमानतळ आणि देवळालीचा तोफखाना, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय कुठेही मशीन वर काढू नकोस. द्राक्षबागेच्या शेजारी तर नकोच, मांडवाच्या तारा दुपारच्या उन्हात दिसत नाहीत.

नव्या पात्यांची पहिली बॅटरी तीन-चार मिनिटांत थांबव. पाती थांबेपर्यंत थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारा रिमोटवरचा स्विच), मग जवळ जा. फेदरिंग शाफ्टचे बोल्ट, पात्यांचे बोल्ट आणि टेपच्या कडा बघ. शाफ्टच्या बोल्टला थ्रेडलॉक, म्हणजे आटे पक्के धरणारा गोंद, लावून रात्रभर वाळू दिलेलं असावं, आणि बोल्ट-ग्रिपवर मार्करची एक रेघ मारून ठेव, सरकला तर लगेच दिसेल. पात्याच्या मुळाशी नखानं टिचकी मार. टणक आवाज हवा, एखाद्या ठिकाणी बद्द वाजलं तर थर सुटलेत, ते पातं संपलं. चिकटवून वापरायचं नाही.

काढलेला जुना फेदरिंग शाफ्ट फेकू नकोस, रविवारी घेऊन ये, डायलवर किती वाकलाय ते तुझ्यासमोर बघू. तुटलेली पातीही आण. एक करवतीनं उभं कापून आत वजन कुठे बसवलेलं असतं ते दाखवतो. येताना मास्क घेऊन ये, कार्बनची धूळ वाईट असते.